काचेतले वाघ

रंगीत माशांच्या दुकानात शिरलेलं मराठी कुटुंब एक वाक्य हमखास बोलतं : ‘‘याची एक जोडी द्या, आणि त्या पट्टेवाल्यांची एक जोडी.’’ पोपट, लव्हबर्ड्स, पांढरे उंदीर, घरी काहीही आणायचं तर जोडीने आणायचं, एकट्या जिवाला कोंडून ठेवू नये, ही त्यामागची भावना चांगलीच आहे. पाच जातींच्या पाच जोड्या हवा भरलेल्या पिशव्यांतून घरी येतात. मुलं टाकीला नाक लावून बसतात, शेजारपाजारचे येऊन कौतुक करून जातात. पंधरा दिवसांनी दहाचे सात होतात, महिन्याने चार. उरलेल्यांपैकी एकाची शेपटी कुरतडलेली असते आणि एकजण फिल्टरच्या मागे तोंड लपवून बसलेला असतो. मग ‘आमच्याकडे मासे लाभत नाहीत’ असा निकाल लागतो आणि टाकी माळ्यावर जाते. पुण्या-मुंबईच्या माळ्यांवर तांब्याचे बंब आणि जुने कंदील यांच्या संगतीला अशा किती टाक्या पडून असतील, देव जाणे.

लाभण्या-न लाभण्याशी याचा संबंध नाही. माशांचेही संसार वेगवेगळ्या तऱ्हेचे असतात. ‘फायटर’ या नावाने विकला जाणारा नर एकटा राहणारा. दुसरा नर दिसला की लढाई. एंजल किंवा इतर सिक्लिड जातींचे मासे पिल्लांच्या वेळी खरोखर जोडीने राहतात, दोघं मिळून अंडी राखतात. पण दुकानात ज्यांची सर्वांत जास्त विक्री होते ते बार्ब, टेट्रा, डॅनियो यांच्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात जोडी नावाची वस्तूच नाही. ते जन्मतात घोळक्यात, वाढतात घोळक्यात आणि अंडी घालण्यापुरते नर-मादी जवळ आले तरी पुन्हा घोळक्यातच मिसळतात. दुकानाच्या काचेत शे-दीडशे एकत्र असतात तेव्हा ते कसे गुण्यागोविंदाने नांदतात, हे आपण पाहिलेलं असतं. तेच घरी दोन-तीन आले की एकमेकांच्या जिवावर उठतात. गर्दी कमी झाली की भांडण कमी व्हावं, असा आपला चाळीतला हिशेब. इथे तो नेमका उलटा का पडतो?

हा प्रश्न माझ्या घरी टेम्पोतून आला. पुण्यातले एक नातेवाईक परदेशी गेले आणि त्यांची तीन फुटी टाकी सामानासह आमच्याकडे टाकवे बुद्रुकला पोचती झाली. टाकवे म्हणजे अंदर मावळाचं दार. कान्हे फाट्यावरून आत वळायचं, इंद्रायणीचा पूल ओलांडायचा की गाव. एका बाजूला कारखान्यांच्या पत्र्याच्या भिंती, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, मागे सह्याद्रीची रांग. जानेवारी होता आणि मावळातली थंडी या उष्ण देशीच्या पाहुण्यांना मानवणारी नव्हती, म्हणून टाकीत हीटर होता. माशांमध्ये तीन टायगर बार्ब आणि एक एंजल, एवढेच उरले होते.

टायगर बार्ब हा मूळचा सुमात्रा-बोर्निओकडचा. पीटर ब्लीकर या डच लष्करी डॉक्टरने १८५५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. अडीच इंचांचा मासा, पिवळसर अंगावर चार काळे उभे पट्टे, नाकाशी आणि परांच्या कडेला लाल-केशरी रंग. नात आठ वर्षांची. तिने दुसऱ्याच दिवशी त्यांची बारशी उरकली : एक नंबर, दोन नंबर आणि बिचारा. या नावांत पुढे काही बदल करावा लागला नाही.

एक नंबरचं नाक टोमॅटोसारखं लाल. टाकीचा मधला सगळा भाग त्याचा. दोन नंबर त्याच्यापासून अंतर राखून असे. बिचारा हीटरच्या मागच्या कोपऱ्यात, डोकं खाली करून. बार्ब विश्रांती घेतानाही डोकं खाली करून तरंगतात, त्यामुळे ते एकटं लक्षण वाईट नव्हे. पण हा दिवसभर तसाच, आणि त्याचे पट्टे काळे न राहता धुवट राखाडी झालेले. दाणे टाकले की तो जेमतेम वीतभर पुढे यायचा, तेवढ्यात एक नंबर धावून जायचा. तो दमला की दोन नंबर. माझ्या लक्षात आलं, की एक नंबरने दोन नंबरला ढुशी दिली की पुढच्या काही क्षणांत दोन नंबर वळून बिचाऱ्यावर जातो. यात मला नवं काही वाटलं नाही. रीजनल मॅनेजरचा फोन येऊन गेला की शाखेतल्या शिपायाचा चहा कडू होतो, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे. एंजलच्या पोटाखालचे दोन लांब दोरे तिघांनी मिळून कुरतडून अर्ध्यावर आणले होते. संथ चालीचा, लांब झालरी मिरवणारा मासा टायगरबरोबर ठेवू नये, हे माशांच्या धंद्यातलं बाळबोध ज्ञान आहे. वडगावच्या एका निवृत्त मास्तरांकडे एंजलांचीच मोठी टाकी आहे, तिथे त्याची सोय लागली. झालरी परत वाढतात, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. काळजी बिचाऱ्याची होती.

घरात एकमताने ठराव झाला, की एक नंबरला बाहेर काढा. गुंड काढला की गाव शांत. बँकेत असताना याच तत्त्वावर बदल्या होत. तापट हेड कॅशियर दुसऱ्या शाखेत जाई, आणि महिनाभरात कालपर्यंत मान खाली घालून नोटा मोजणारा त्याचा मदतनीस त्याच खुर्चीत बसून त्याच्याच आवाजात बोलू लागे. माशांच्या बाबतीत याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात एक लहानसा सिक्लिड मासा असतो. त्याच्या नरांमध्ये दोन वर्ग : जागा धरून बसलेले रंगीत दादा आणि माद्यांसारखे फिकट दिसणारे दबलेले नर. अमेरिकेत रसेल फर्नाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की दादाला टाकीतून काढून घेतलं तर दबलेला नर काही मिनिटांतच रंग धारण करतो आणि दादागिरी सुरू करतो. त्याच्या मेंदूतही त्याच वेळात बदल सुरू झालेले असतात. खुर्ची रिकामी झाल्याचं त्याला कुणी सांगावं लागत नाही.

त्याच प्रयोगशाळेतलं २००७ चं काम त्याहून गमतीचं आहे. एका नराला काचेपलीकडून इतरांच्या लढती दाखवल्या : पहिल्याने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं पाचव्यापर्यंत. मग त्याच्यासमोर दुसरा आणि चौथा ठेवले. या दोघांची आपसातली लढत त्याने पाहिलेलीच नव्हती. तरी तो चौथ्याकडे सरकला, म्हणजे कमजोराकडे. दुसरा तिसऱ्याला भारी, तिसरा चौथ्याला भारी, म्हणून दुसरा चौथ्याला भारी, एवढा तर्क माशाला करता येतो. सातव्या इयत्तेत आम्हाला हा तर्क छड्या खाऊन शिकवला होता.

तेव्हा एक नंबरला काढून दोन नंबरला बढती देण्यात अर्थ नव्हता. तळेगावच्या दुकानदाराला विचारलं. विशी-पंचविशीतला मुलगा, बोलायला गोड. म्हणाला, ‘‘काका, एकही काढू नका. उलट नऊ घेऊन जा. वाघ डझनाच्या खाली ठेवायचाच नाही.’’

सल्ला आणि सल्ला देणाऱ्याचा नफा एकाच दिशेने चालले असतील तर बँकवाला माणूस सही करण्याआधी कागद पुन्हा वाचतो. मी वाचले. इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी २०१० मध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. घरगुती टाक्यांत नेहमी आढळणाऱ्या चार जाती त्यांनी घेतल्या : निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड, एंजल आणि आपला टायगर बार्ब. एकटा, दोन, पाच आणि दहा अशा गटांत ठेवून ते कसे वागतात याची नोंद केली. एकूण निष्कर्ष दुकानदाराच्या बाजूने होता. गट मोठा असला की मासे अधिक वेळ एकत्र पोहतात आणि आपसातली मारामारी कमी होते. पोराने पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण रोजच्या रोज पाहिलेलं होतं.

याचं कारण काय? थोडा भाग साध्या भागाकाराचा आहे. तिघांत एक दादा असेल तर त्याचा सगळा राग दोघांवर येतो, आणि त्या दोघांतला जो दुबळा त्याच्यावर दोघांचाही. बारांत तोच राग अकरांवर पसरतो. पण भागाकाराने सगळं उलगडत नाही. या माशांची घोळका करण्याची सवय मुळात शिकाऱ्यापासून वाचण्यासाठी आहे. सारखे दिसणारे पंधरा-वीस मासे एकदम हलले की शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही. एकाचा पाठलाग सुरू करावा तो मध्येच दुसरा आडवा जातो. मला वाटतं, हीच युक्ती घरातल्या गुंडावरही चालते. एक नंबर बिचाऱ्यामागे निघाला आणि मध्ये चार पट्टेवाले आडवे गेले, की आपण नेमके कुणामागे लागलो होतो हे तोच विसरत असावा. काळे पट्टे इथे उपयोगी पडतात. तीनच मासे असले तर मात्र विसरायला जागाच नाही.

या सारखेपणाची दुसरी बाजू कठोर आहे. १९८६ मध्ये लॅंडो आणि टेरबर्ग या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास नावाचा शिकारी मासा आणि त्याचं भक्ष्य म्हणून चंदेरी रंगाचे छोटे मासे. एकटा चंदेरी मासा बासच्या तोंडी पटकन जाई. आठांचा थवा असला की बास गोंधळून जाई आणि त्याच्या हाती फारसं काही लागत नसे. मग आठांपैकी एक-दोन मासे निळ्या रंगात रंगवले. आता बासला नजर ठरवायला खूण मिळाली. निळे मासे तर गेलेच, पण विशेष हे, की त्यांच्याबरोबरचे साधे चंदेरीही आधीपेक्षा जास्त संख्येने सापडू लागले. वेगळा दिसणारा स्वतः मरतो आणि शेजाऱ्यालाही अडचणीत आणतो. थव्यातले मासे आपल्यासारख्या दिसणाऱ्यांनाच का चिकटतात आणि वेगळ्यापासून दूर का सरकतात, याचा काही उलगडा यातून होतो. आपल्याकडे वास्तूच्या नावाखाली आठ तांबड्या गोल्डफिशमध्ये एक काळा ठेवण्याची टूम निघाली. घरावरचं संकट काळा अंगावर घेतो म्हणे, म्हणूनच तो आधी मरतो. आठांत एक वेगळा ठेवण्याची ही कल्पना ज्याने काढली त्याने बासचा प्रयोग वाचलेला नसणार. वाचून काढली असेल तर मात्र त्याला नमस्कार.

इथे शब्दांचा एक घोळ निस्तरायला हवा. टाकीत मासे नुसते जवळजवळ असतात तेव्हा तो घोळका. पारावर बसल्यासारखे कुणी इकडे तोंड करून, कुणी तिकडे. काही दचकलं की एका क्षणात सगळ्यांची तोंडं एका दिशेला होतात आणि अंतर राखून एका वेगाने सगळे निघतात, तो थवा. ही कवायत डोळ्यांवर चालते तशीच अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या एका संवेदी रेषेवरही. शेजारी हलला की पाण्याचा जो धक्का येतो तो ही रेष टिपते. डोळे तात्पुरते झाकलेले मासेही थव्यात पोहू शकतात, हे १९७६ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. टायगर बार्ब बहुतेक वेळ घोळक्यात असतो, थव्यात क्वचित. म्हणून त्याला भांडायला सवड मिळते.

आणि थव्याला पुढारी नसतो. हे मला फार दिवस पटत नव्हतं. एवढी शिस्त, म्हणजे कुणीतरी साहेब असणार. एरिक फॉन होल्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने एका माशाच्या मेंदूचा पुढचा भाग काढून टाकला. हा मासा खात-पीत होता, पोहत होता, फक्त मागे आपले सोबती येतात की नाही हे पाहण्याची त्याची ओढ संपली होती. बाकीचे मासे चार बोटं पुढे गेले की थबकून मागे बघतात. हा बघतच नसे. तो वाटेल तिकडे जाई आणि सगळा थवा त्याच्यामागून. कोनराड लोरेन्झ यांनी आक्रमकतेवरच्या आपल्या १९६३ च्या पुस्तकात ही हकीकत दिली आहे. निवडणुकीच्या दिवसांत ती वाचू नये. आमच्या टाकीतला एक नंबर मात्र याच्या नेमका उलट. तो सगळ्यांना मारतो, पण त्याच्यामागे कुणीही जात नाही. खाण्याच्या वेळी पुढे असतात ते सर्वांत भुकेले. मारणारा आणि नेणारा हे दोन वेगळे हुद्दे आहेत, हे मला माशांनी दाखवलं.

लोरेन्झ यांना १९७३ चं नोबेल मिळालं. त्यांनी अशा थव्यांना अनाम म्हटलं होतं. हेरिंगसारख्या माशांच्या थव्यात कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून तिथे भांडण नाही आणि मैत्रीही नाही, असं त्यांचं म्हणणं. लेखक म्हणून मला ही मांडणी मोहात पाडणारी वाटते, पण पुढच्या अभ्यासाने तिला जरा मुरड घातली आहे. आपल्याकडे मलेरिया खात्याने हौदाहौदांत सोडलेला गप्पी मासा सगळ्यांना माहीत आहे. ॲन मगुरन आणि सिआन ग्रिफिथ्स यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की गप्पी आपल्या संगतीतल्या माशांना ओळखतात आणि अनोळखी माशांपेक्षा त्यांच्याजवळ राहणं पसंत करतात. ही ओळख पटायला साधारण बारा दिवस लागतात. बारा दिवस हा आकडा मी कालनिर्णयवर लाल पेन्सिलीने लिहून ठेवला.

नऊ नवे वाघ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आणले. एकदम नऊ, दोन-दोन करून नव्हे. दोन-दोन आणले असते तर प्रत्येक जोडी नवा बिचारा ठरली असती. आमची टाकी दीडशे लिटरच्या आसपासची आणि तिचा फिल्टर जुना, मुरलेला. हे महत्त्वाचं आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो आणि तो पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढायला काही आठवडे लागतात. नव्याकोऱ्या टाकीत एकदम नऊ मासे सोडणं म्हणजे भांडणाची वेळ येण्याआधीच सगळ्यांना मारणं. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवून आतल्या-बाहेरच्या पाण्याची ऊब एक होऊ दिली. तेवढ्या वेळात टाकीतले दगड आणि वनस्पती हलवून सगळा नकाशा बदलला. हे जुन्या हौशी लोकांचं तंत्र : एक नंबरची जहागीर ज्या दगडापासून सुरू होत होती तो दगडच जागेवर नसला की जुने आणि नवे दोघेही सारखेच परके होतात. दिवा बंद ठेवून संध्याकाळी नऊ जण आत सोडले.

पहिल्या रात्री ते एका कोपऱ्यात मुठीएवढा गोळा करून राहिले. दुसऱ्या दिवशी मारामारी वाढली. हे होणारच असतं. बारा जणांची उतरंड नव्याने लागायची असते, आणि ज्यांच्यात ती अजून ठरलेली नाही तेच सर्वांत जास्त भांडतात. एक नंबरला नव्यांपैकी एक दांडगा भेटला. दोघं तोंडाला तोंड लावून, अंगाला अंग समांतर ठेवून, शेपटीने एकमेकांवर पाणी मारत गोल गोल फिरत. पाहायला भीतिदायक, पण त्यात एक खवलाही गेला नाही. बरोबरीच्यांचं भांडण असं शिष्टाचाराने चालतं. जखमा होतात त्या पळायला जागा नसलेल्या दुबळ्याला.

दाणे एका कोपऱ्यात न टाकता टाकीच्या लांबीभर पसरून टाकायला सुरुवात केली. यालाही आधार आहे. जपानी मेडाका माशांवर जॉन मॅग्नसन यांनी १९६२ मध्ये अभ्यास केला होता. अन्न कमी आणि एकाच जागी असलं की दादाला ते राखता येतं, तो वाढतो आणि बाकीचे खुरटतात. अन्न भरपूर असलं की दादागिरी असूनही वाढीत तसा फरक पडत नाही. रेशन दुकानावरची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना मेडाका पाळावे लागणार नाहीत.

चौथ्या दिवशी बिचारा हीटरमागून बाहेर आला आणि दोन नव्या माशांच्या आडोशाने वरच्या थरात फिरला. सहाव्या दिवशी त्याने पाण्यावरचा दाणा उचलला. नातीने ते पाहून शाळेला उशीर केला. नवव्या दिवशी त्याचे पट्टे काळे झाले. बाराव्या दिवशी मी घड्याळ लावून दहा मिनिटं बसलो. एक नंबर अकरा वेळा कुणा ना कुणावर धावला, पण एकाच माशावर लागोपाठ दोनदा एकदाही नाही. भांडणं संपली नव्हती, वाटली गेली होती. मार्चमध्ये नात बिचारा कोणता ते दाखवू शकेना. मलाही येईना.

नदीत हे सगळं दिसत नाही, कारण तिथे हरलेला निघून जातो. पावसाळा संपून इंद्रायणी निवळली की टाकव्याच्या पुलावरून सकाळी खाली पाहावं. ज्यांना आमच्याकडे सरसकट खवल्या म्हणतात त्या चपट्या चंदेरी माशांचे घोळके उथळ पाण्यात असतात. ऊन तिरपं पडलं की सगळे एकदम कूस बदलतात आणि पाण्यात आरसा हलल्यासारखा चमकतो. ते आपल्या टायगर बार्बचे चुलत-मावस भाऊच. कर्नल साइक्सने दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा करून १८३९ मध्ये त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हापासून या पाण्याची शास्त्रात नोंद आहे. पुण्याच्या संशोधकांनी इंद्रायणीत अलीकडच्या काळातही पन्नासहून अधिक जाती नोंदवल्या. घोळक्यात दोन-तीन जातींची सरमिसळही असते. आपल्या जातीचे पुरेसे सोबती न मिळालेला मासा दुसऱ्या जातीच्या घोळक्यातही राहतो. तिथेही ढुशा चालत असतील. पण ढुशी खाल्लेल्याला पुढे दहा हात मोकळं पाणी आहे, खडकाची कपार आहे, दुसरा घोळका आहे. टाकीत तीन फुटांवर काच लागते. काचेला धडकून परत येणारा मासा पाठलाग करणाऱ्याला पुन्हा सामोरा येतो, आणि तो शरण आलाच नाही अशी त्याची समजूत होते. खरं तर टायगर बार्बला जे वाईट नाव पडलं आहे ते मला अन्यायाचं वाटतं. दुकानांत, पुस्तकांत, सगळीकडे त्याच्या नावापुढे भांडखोर असा शिक्का आहे. दहा इंचांच्या काचेच्या भांड्यात तिघांना ठेवून मग स्वभावाचा दाखला द्यायचा, हे काही बरोबर नाही.

घरात टाकी असेल त्यांनी जाती कमी आणि संख्या जास्त ठेवावी. पाच जातींच्या पाच जोड्यांऐवजी एकाच जातीचे दहा. दिसायलाही ते जास्त चांगलं दिसतं. पाच जोड्यांची टाकी लग्नाच्या हॉलसारखी दिसते, दहा सारख्यांची टाकी नदीसारखी. दहांना पुरेल एवढी जागा नसेल तर एकटा फायटर ठेवावा, तो त्यातच सुखी असतो. दुकानदार पिशवीत दोन मासे भरायला लागला तर त्याचा हात धरावा. तळेगावचा तो मुलगा म्हणतो, ‘‘काका, मी सांगतो सगळ्यांना. पण लोक म्हणतात, आधी जोडी नेऊन बघतो, जगले तर आणखी नेऊ.’’

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. अंदर मावळात त्या दोन-चार दिवसांत चढणीचे मासे निघतात. नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट ओढ्यांत, ओढ्यांतून भातखाचरांत चढतात. माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन बांधाबांधाने उभी असतात आणि सकाळी गावभर वास सुटतो. शेजारचा मुलगा सकाळीच आमच्या दारात आला. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत दोन बोटभर खवल्या, अजून जिवंत. ‘‘आजोबा, तुमच्या टाकीत सोडायला आणल्यात,’’ म्हणाला. नातीने बाटली उजेडाकडे धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि त्याला विचारलं, ‘‘दोनच?’’

दोघं छत्री न घेताच ओढ्याकडे गेली. बाटली रिकामी घेऊन परत आली तेव्हा दोघांच्याही चपला चिखलात राहिल्या होत्या.